फुकटातलं ‘बघतो’

आमच्या इमारतीत पक्की बातमी आहे की माझी आत्या ऑफिसात पत्ते कुटते. तेही पैसे लावून.

बातमीचा उगम तिसऱ्या मजल्यावरच्या काकू. त्यांचा भाचा एसी दुरुस्त करतो. तो आत्याच्या ऑफिसात गेला होता, तेव्हा त्यानं म्हणे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. काचेच्या खोलीत पाच माणसं गोल बसलेली, प्रत्येकाच्या हातात पत्ते, आणि माझी आत्या म्हणतेय, “एक, दोन, तीन, टाका!” सगळ्यांनी पत्ते टेबलावर आपटले, कोणीतरी “आठ? आठ कसले रे?” म्हणून ओरडलं आणि आत्यानं कपाळाला हात लावला.

“हरली असणार बिचारी,” काकू जिन्यात आईला म्हणाल्या. काकूंचा आवाज काढायचा तर नाक चिमटीत धरायचं, आणि प्रत्येक वाक्य असं अर्ध्यात सोडायचं की उरलेलं अर्धं त्याहून वाईट वाटावं. “चांगल्या घरातली बाई हो… एवढी शिकलेली… आता आपण काय बोलायचं…”

तर पत्ते खरे आहेत, जुगार खोटा आहे.

आत्या सॉफ्टवेअर लिहिते. नवीन काम आलं की तिचे साहेब विचारायचे, “याला किती दिवस लागतील?” आणि उत्तरही स्वतःच देऊन टाकायचे, “दोन?” की सगळे लगेच, “हो, दोन.” “दोनच.” “फार तर फार दोन.” अगदी साहेबांच्या सुरात. मनात प्रत्येकाच्या वेगळा आकडा, तोंडात साहेबांचा. मग ते दोन दिवसांचं काम आठवडाभर रखडायचं आणि सगळे एकमेकांकडे असे बघायचे जणू घरात मांजर शिरलंय आणि दार कोणी उघडं ठेवलं ते कोणालाच ठाऊक नाही. म्हणून आत्यानं आकडे छापलेले पत्ते आणले. युक्ती तिची नाही, या धंद्यातले लोक बऱ्याच ठिकाणी असंच करतात. पत्ता उलटा धरायचा, एकदम टाकायचा. कोणाचं बघून बोलायची सोयच नाही. ज्याचा आठ पडेल त्याला विचारायचं, बाबा रे, तुला असं काय दिसतंय जे आम्हाला दिसत नाही?

“आठवाला पुष्कळदा बरोबर असतो,” आत्या म्हणते. “पण साहेब आधी बोलले की त्याची वाचा बसते.”

“मग काकूंना जाऊन सांग ना हे.”

“काय सांगू? काकूंचा पत्ता आधीच पडलाय. आता अख्खी इमारत त्याच आकड्यावर.”

आत्याचं सगळं असंच असतं. कॉलेजात तिला गेम थिअरी नावाचा विषय होता. म्हणजे दोन माणसं समोरासमोर आली, आणि एकाचं बरंवाईट दुसऱ्याच्या चालीवर ठरत असलं, तर कोण काय करेल याचं गणित. त्यात ती जेमतेम पास झाली आणि तेव्हापासून तो विषय तिच्या मानगुटीवर बसलाय. ती आमच्याकडे राहायला आली तेव्हा माझ्या खोलीत कपाट एकच होतं. मला वाटलं, आता रोज महाभारत. आत्या म्हणाली, “वाटण्या तू कर. कुठली बाजू कोणाची ते मी निवडणार.” मी दुपारभर फूटपट्टी घेऊन कपाटात बसले होते. कप्पे मोजले, हँगर मोजले, न उघडणारा खण इकडून तिकडे ढकलला. एवढी न्यायी मी त्याआधी कधीच नव्हते आणि नंतरही झाले नाही. तिनं डावी बाजू घेतली. भांडण शून्य.

ती बाबांची मोठी बहीण. बाबा तिला ताई म्हणतात, म्हणून आईपण ताईच म्हणते. मला ती ‘पोपटे’ म्हणते, कारण मी सगळ्यांचे आवाज काढते. घरून काम असतं त्या दिवशी तिचं ऑफिस आमच्या जेवणाच्या टेबलावर भरतं. वर इस्त्रीचा शर्ट, खाली फुलाफुलांचा पायजमा. पाचही जण दिवसभर एक कॉल चालू ठेवून बसतात. बोलायचं असं फार काही नसतं, नुसती सोबत. कोणाच्या घरात कुकर होतो, कोणाची दारावरची घंटा वाजते. त्यामुळे आत्या सोडून त्यांच्यातल्या एकालाही मी कधी पाहिलेलं नाही, पण बाकीचे चौघंही मला गळ्याने पाठ आहेत.

साहेबांचं नाव मी ‘थोडक्यात’ ठेवलंय. ते कुणालाही बोलू देण्याआधी म्हणतात, “थोडक्यात सांगा हं, थोडक्यात,” आणि मग स्वतः सांगत बसतात. दुसरा गुणगुण्या. तो आणि आत्या एकाच दिवशी कामाला लागले, तेव्हापासून ऑफिसात शेजारी बसतात. ती त्याला महाराज म्हणते, तो तिला बाईसाहेब. तो काम करताना गुणगुणतो. शब्द नाहीत, चालही धड नाही, नुसतं हं-हंहं-हं, जसा काही एखादा जाडजूड भुंगा हिशोब करतोय. मला ते जमायला फार वेळ लागला, कारण मधेच तो श्वास घ्यायला विसरतो.

एकदा मी आत्याला विचारलं, तुला त्रास होत नाही का गं त्या भुणभुणीचा?

“त्रास? अगं ती बंद झाली तर त्रास. बंद झाली की समजायचं, महाराज अडकले. मग मी खुर्ची जरा तिकडे सरकवते. नुसती सरकवते. की तोच म्हणतो, बाईसाहेब, हे जरा बघता का?”

हे सांगताना तिनं त्याचा आवाज काढायचा प्रयत्न केला. अगदीच वाईट जमला. पण मी हसले नाही, कारण तिचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा होता.

या दोघांचा एक नियम आहे. एकानं लिहिलेलं दुसऱ्यानं ओळ न् ओळ वाचायचं, मगच ते पुढे जाणार. मधे एकदा गुणगुण्या कंटाळला आणि तिचं न वाचताच “छान आहे” म्हणून मोकळा झाला. दुसऱ्या दिवशी त्याचं काम आत्याकडे आलं, तिनंही न वाचता लिहिलं, “छान आहे.” तिसऱ्या दिवशी तो गुपचूप वाचायला लागला, तीही वाचायला लागली.

“जशास तसे,” आत्या म्हणाली. “पण त्यातही रीत असते, पोपटे. पहिली चाल आपण चांगलीच खेळायची. समोरच्यानं खोडी काढली तर तेवढीच परत करायची, वर व्याज नाही. आणि तो सुधारला की लगेच विसरायचं. वर्षानुवर्षं शेजारी बसायचं तर याहून चांगला डाव नाही.”

आता झालेला घोटाळा सांगते.

यांची कंपनी शाळेच्या बसचं ॲप करते. आईबाप फोनवर बघतात, बस कुठवर आली. त्या आठवड्यात गुणगुण्यानं बसची वेळ वाचायची पद्धत बदलली होती आणि आत्यानं नकाशावरचा ठिपका. त्यानं तिचं वाचलं, तिनं त्याचं वाचलं, दोन्ही कामं आपापल्या जागी उत्तम. दोन्ही एकत्र चालवून पाहायचं तेवढं राहिलं होतं. संध्याकाळी कॉलवर तो म्हणाला, “बाईसाहेब, दोन्ही एकदा जोडून चालवायला हवं हो.”

आत्या म्हणाली, “बघते.”

तो म्हणाला, “मीपण बघतो.”

आणि दोघांनीही बघितलं नाही.

मी समोरच बसून पेन्सिलीला टोक काढत होते. मी दोन्ही ऐकलं. आता हा शब्द मला चांगला माहीत आहे, कारण नक्कल करणाऱ्याला त्याच्याइतका उपयोगी शब्द दुसरा नाही. बाबा “बघू” म्हणाले की अर्थ, आईला विचार. आई “बघते हं” म्हणाली, आणि तो ‘हं’ लांबला, की विषय संपला. दुकानदार आत जाऊन “बघतो” म्हणतो तेव्हा तो आत नुसता उभा असतो. पण हाच शब्द दवाखान्यात कोणी पाठीवर हात ठेवून “मी बघतो, तुम्ही घरी जा” असा म्हटला, तर माणसं खरंच घरी जाऊन झोपतात. एकच शब्द. जबाबदारी घेतली असाही अर्थ, आणि टाळली असाही. आत्यानं त्याचं ‘बघतो’ पहिल्या अर्थानं ऐकलं आणि स्वतःचं दुसऱ्या अर्थानं म्हटलं. त्याचंही नेमकं तसंच. एकमेकांवर पूर्ण विश्वास ठेवून दोघंही निवांत झोपले.

सकाळी ॲपनं दाखवलं, सगळ्या बस शाळेच्या फाटकात पोचलेल्या आहेत. एकूण एक. प्रत्यक्षात निम्म्या निघाल्याही नव्हत्या. आईबापांना वाटलं, बस चुकली. सगळ्यांनी पोरांना गाड्यांमध्ये कोंबलं आणि शाळा गाठली. शाळेच्या रस्त्यावर मुंगीला शिरायला जागा नाही, आणि त्या गर्दीत मागे अडकलेल्या मोठ्या पिवळ्या बस, आत फक्त ड्रायव्हर. कोणाला काही लागलं नाही, एवढं बरं. पण शाळेनं कंपनीला असा काही फोन केला म्हणे, की साहेब तो थोडक्यात सांगूच शकले नाहीत.

दुपारी साहेब आत्याशी एकटीशी बोलले. “हे बघा मॅडम, थोडक्यात. चूक कोणाची, मला वरती सांगायचंय. उद्या मी आधी त्याला फोन करतो, मग तुम्हाला. तोवर दोघांनी याबद्दल आपापसात बोलायचं नाही. आणि एक खुर्ची कमी करायचीच आहे, हे तुम्हाला माहितीय. तेव्हा विचार करून सांगा.”

आत्यानं फोन ठेवला. मग उठून चार कप आणले आणि टेबलावर दोनावर दोन मांडले.

आई आतून म्हणाली, “ताई, चहा टाकू का?”

“नको गं. माणसं ठेवायचीत.”

मी समोर जाऊन बसले. “दोन कैद्यांना वेगवेगळ्या कोठडीत बसवून एकमेकांबद्दल विचारतात ना, तसा डाव आहे हा,” ती म्हणाली. आत्यानं पहिल्या कपावर बोट ठेवलं. दोघंही म्हणाले, चूक दोघांची, तर दोघांना बोलणी बसतील पण दोघं राहतील. दुसरा कप, ती म्हणाली त्याची चूक आणि तो म्हणाला दोघांची, तर ती सुटली, तो गेला. तिसरा कप याच्या उलट, तो सुटला, ती गेली. आणि चौथा, दोघांनी एकमेकांवर ढकललं. मग कोणाचाच शब्द खरा नाही, कोणी गेलं तरी ऑफिसात त्या दोघांचं नाव कायमचं खराब.

“मग सोपं आहे की,” मी म्हटलं. “तो काहीही बोलो, तू त्याचं नाव घेतलंस तर तुझं नुकसान कमीच.”

“गणितही तेच म्हणतं.”

“मग?”

“मग तोही हुशार आहे, त्यालाही तेच गणित येतं. दोघं आपापल्या जागी शहाणे, आणि दोघं मिळून इथं.” तिनं चौथा कप उपडा घातला.

“पण तूच म्हणतेस ना, जशास तसे, पहिली चाल चांगली, वगैरे?”

“ते रोज खेळायचं असतं तेव्हा. आज मी त्याला दगा दिला तर उद्या तो शेजारी बसलेला असतो ना, त्याची भीती असते. लाज असते. उद्या आहे म्हणून आज आपण बरे वागतो.”

मला पटकन बोलायची सवय आहे. मी म्हटलं, “पण आत्या, इथं उद्या कुठाय? एक जण जाणारच आहे. हा शेवटचाच डाव.”

आत्या कपाचा कान बोटानं पुसत राहिली, जणू तिथं डाग होता. मला वाटलं, जीभ चावावी.

तेवढ्यात बाबा आले. आईनं त्यांना दारातच सगळं सांगितलं होतं. ते बूटही न काढता टेबलाशी आले. “ताई, यात विचार कसला करतेस? नाव घे आणि मोकळी हो. तुझ्या वयाला आता दुसरीकडे नोकरी मिळणार आहे का? आपण काय संत लागून गेलो?”

“त्याची जुळी आत्ता शाळेत जायला लागलीत रे.”

“अगं त्याची जुळी आहेत, मला एकच ताई आहे!”

हे ते इतक्या जोरात म्हणाले की स्वतःच दचकले आणि बूट काढायला खाली वाकले. वाकले ते बराच वेळ वाकलेलेच राहिले. बाबांचे असे आवाज मी काढत नाही.

“बरं,” आत्या म्हणाली. “बघते.”

आणि थांबली.

आईच्या हातातलं चहाचं भांडं तसंच राहिलं. मी आत्याकडे पाहिलं. तिनं आपलंच तोंड आपल्याला ऐकू आल्यासारखा चेहरा केला होता. मग तिला हसू फुटलं. पोट धरून, डोळ्यात पाणी येईपर्यंत ती हसली, आणि कशाला हसतेय हे कळेना तरी आम्हीही हसायला लागलो. आई हसता हसता म्हणाली, “ताई, या तुरुंगात आता चहा ओतू का?” आणि उपडा कप सुलटा करून चारही कपांत चहा ओतला.

दुसऱ्या दिवशी मला सुट्टी होती. आत्या सकाळी लवकर टेबलाशी बसली. शर्ट इस्त्रीचा, पायजमा तोच. साहेबांचा फोन आधी गुणगुण्याला जाणार होता. त्याच्याही आधी तिनं त्यांच्या सगळ्या टीमचा निरोपांचा गट उघडला आणि लिहिलं. मी तिच्या खांद्यावरून वाचत होते.

“परवा संध्याकाळी दोन्ही बदल एकत्र चालवून बघायचे होते. मी ‘बघते’ म्हणाले आणि बघितलं नाही. चूक माझी.”

“आत्या! वेड लागलंय का तुला? तू तर आपले पत्ते उघडे टाकलेस. आता त्यानं गप्प बसलं की झालं!”

“हो.”

“निदान ‘आम्ही’ तरी लिही. ‘आम्ही बघितलं नाही’ असं.”

“त्याच्या वाटचं मी कसं लिहू? त्याचं तो लिहील.”

“अगं पण हे करून मिळतं काय?”

आत्यानं खुर्ची माझ्याकडे वळवली. “हे बघ. ‘बघते’ म्हणायला मला काही पडलं नव्हतं. म्हणून त्या शब्दाला किंमत नव्हती. फुकटचं बोलणं कोणीही बोलतो, खरा माणूसही आणि खोटाही, मग ऐकणाऱ्यानं ओळखायचं कसं? हे लिहायला मला काहीतरी पडतंय. सगळ्यांसमोर लिहिलं, आता मागे घेता येत नाही. त्याला आता माझी भीती नाही. मी त्याचं नाव घेईन म्हणून त्यानं माझं घ्यायची गरज नाही. आता तो जे करेल ते भीतीनं नाही करणार.”

“तो गप्प बसेल. मी त्याचं ‘बघतो’ ऐकलंय. शेवटाला तो आवाज खाली सोडतो. खाली सोडणारी माणसं टाळणारी असतात.”

“नाही बसायचा.”

“बसेल.”

“लाव पैज.”

“लावली! काय?”

आत्यानं इकडेतिकडे पाहिलं. “खिडकीजवळचा पलंग.”

आमच्या खोलीत दोन पलंग आहेत. खिडकीजवळचा माझा. तिथून खालचा चौक दिसतो, वाऱ्यानं पडदा पायावर येतो, आणि अख्ख्या घरात त्या जागेइतकी चांगली जागा नाही. मी एका क्षणात हो म्हटलं, कारण हरायचा प्रश्नच नव्हता. तिनं बटण दाबलं. निरोप गेला.

मग काही झालं नाही. टीममधल्या कोणीही उत्तर दिलं नाही. सगळ्यांनी वाचल्याची खूण दिसत होती, पण सगळे आपापल्या घरात चिडीचूप. रोजचा कॉल चालू होता. कोणाचा तरी कुकर झाला. कोणीतरी खोकलं आणि खोकल्याबद्दल माफी मागितली. आणि गुणगुणणं नव्हतं. गुणगुण्या साहेबांच्या फोनवर गेला होता.

आत्यानं जुना टूथब्रश आणला आणि कीबोर्डची एकेक फट घासायला घेतली. आई मुद्दाम दोनदा टेबल पुसून गेली. बाबांनी ऑफिसातून फोन केला, “भाजी आणू का?” असं विचारायला. बाबा जन्मात भाजी आणत नाहीत.

मग कॉलमध्ये खुर्ची ओढल्याचा आवाज आला. आत्याचा ब्रश थांबला.

“बाईसाहेब,” गुणगुण्या म्हणाला. “आहात का?”

“आहे. बोलू नका म्हणालेत साहेब.”

“ते फोन होईपर्यंत म्हणाले होते. माझा झाला.” त्याला बोलताना असं अडखळलेलं मी आधी कधी ऐकलं नव्हतं. “साहेब म्हणाले, थोडक्यात, मॅडमनी सगळ्यांसमोर कबूल केलंय. त्यामुळे तुम्हाला काही सांगायची गरज नाही. तुम्ही सुटलात. जा कामाला लागा.”

मी आत्याकडे बघून भुवया उडवल्या. पलंग माझाच. आणि खरं सांगते, त्या क्षणी मला तो अजिबात नको होता.

“बरं झालं,” आत्या म्हणाली. आवाज अगदी सरळ. “लागा मग कामाला, महाराज.”

“अहो ऐका तर. मी म्हटलं, साहेब, मीपण ‘बघतो’ म्हणालो होतो. जोडून चालवायला हवं हे सुचलं कोणाला, मला. मग बघायचं कोणी, मीच ना? ते म्हणाले, अहो पण तुम्ही सुटलाय! मी म्हटलं, हो, ते ऐकलं मी.”

“मूर्खा,” आत्या म्हणाली. इतकी वर्षं तो महाराज होता, एकदम मूर्ख झाला. “सुटला होतास ना? मग? घरी दोन पोरं आहेत तुझी!”

“हो ना. बायकोलापण काल हेच वाटत होतं. मी रात्री तिला म्हटलं होतं, बाईसाहेबांचं नाव घेतो. अगदी ठरवून आलो होतो, खोटं कशाला बोलू. मग सकाळी तुमचं ते वाचलं. आणि तुमच्या जागी नवीन कोणी आलं असतं, आणि त्याला माझी गुणगुण चालली नसती तर? माझं कामच होत नाही हो तसं.”

कॉलवरचं कोणीतरी फस्सकन हसलं. तेव्हा आम्हाला कळलं की कॉलवरचे सगळेच कान देऊन ऐकत होते. मग बाकीचे दोघंही बोलायला लागले, एकदम, एकमेकांच्या वर. एक म्हणाली, मीपण त्या दिवशी ते ऐकलं होतं, मला वाटलं तुम्ही दोघं बघताय. दुसरा म्हणाला, मलापण तसंच. आत्यानं माइकवर हात ठेवला. माइक बंद करायला ती नेहमीसारखी विसरली होती, त्यामुळे तिनं नाक ओढलेलं सगळ्यांना ऐकू गेलं. गुणगुण्या म्हणाला, “सर्दी झालीय वाटतं, बाईसाहेब.” आत्या म्हणाली, “हो, एसीची.”

साहेबांचा फोन आला तेव्हा ते फार वेळ बोलले. थोडक्यातचा ‘थो’सुद्धा काढला नाही. मी कोणाचं नाव वर कळवू, असं ते पुन्हा पुन्हा विचारत होते, आणि आत्या पुन्हा पुन्हा शांतपणे म्हणत होती, “जे झालं तेच कळवा.” शेवटी असं ठरलं की बसचं ॲप दोघांकडूनही काढून घ्यायचं. पुढच्या वर्षी आत्या टीमची प्रमुख होणार होती, ते रद्द. तिला ते लागलं. ती म्हणाली नाही, पण फोन ठेवल्यावर तिनं घासलेला कीबोर्ड परत घासला. आणि दोघांना मिळून कंपनीचं सगळ्यात जुनं काम दिलं, ट्रक तोलायच्या वजनकाट्यांचं सॉफ्टवेअर. ते आधी कोणी लिहिलंय ते कोणालाच माहीत नाही, त्याला हात लावायला कोणी तयार होत नाही, आणि ते बंद पडून चालत नाही. कोणालाच नको असलेल्या त्या कामामुळे दोन्ही खुर्च्या राहिल्या.

“शिक्षाच आहे ही,” बाबा म्हणाले. त्या दिवशी त्यांनी खरंच भाजी आणली होती, आणि ती शिळी होती.

“असू दे,” आत्या म्हणाली. “दोघांना एकत्र दिलीय ना.”

मी पैज हरले ती अशी. काही पळवाट निघते का ते मी पाहिलं. मी म्हटलं, तू म्हणाली होतीस त्याचं तो लिहील, आणि त्यानं लिहिलं कुठं, बोलून दाखवलं. आत्यानं नुसतं माझ्याकडे पाहिलं. मी माझी उशी उचलली.

आता ती खिडकीजवळ झोपते. तिला आधी माहीत नव्हतं, पण तिथं सकाळी ऊन थेट डोळ्यांवर येतं आणि खालच्या चौकातला पहिला ट्रक गियर बदलतो तो उशीतच बदलल्यासारखा वाटतो. पहिल्याच दिवशी ती पांघरुणाच्या आतून म्हणाली, “पोपटे, तुला हवा असेल तर घे बाई परत तुझा पलंग.”

मी म्हटलं, नको. मला भिंतीकडे छान झोप लागते. पडदा मात्र मी उठून खिडकीवर सरकवते, ती जागी व्हायच्या आधी.